पळसाच्या पत्रावळी

वहिनी आमच्या घरी नांदायला आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी, चोळ्या, फणी-आरशाचा डबा आणि सगळ्यात तळाशी एका अद्भुत कादंबरीचा पहिला भाग होता. वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आईनं ट्रंक उघडून बघताना ते पुस्तक बाहेर काढलं आणि विचारलं, "पोथी हाय का गं ही?"

"व्हय," वहिनी म्हणाली.

आईला अक्षरओळख नव्हती. तिनं ते पुस्तक देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं आणि पुढे कित्येक महिने त्याला रोज हळदकुंकू वाहिलं. वर्तमानपत्राच्या आत जे मूळ कव्हर होतं त्यावर लांब जिभेची, अंगावर फारसं काही नसलेली राक्षसीण होती. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण घरात न वाचलेला छापील कागद राहिला तर मला जेवण जात नसे. मी कोनाड्यातलं पुस्तक काढून वाचत बसले होते आणि वहिनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर ती हळूच म्हणाली, "वन्सं, तळ्याखालच्या वाड्यापातूर आला का?"

तेव्हापासून आमचं जमलं. मी बारा वर्षांची, सहावीत. ती अठराची. आमचं गाव साताऱ्याच्या उत्तरेला, कॅनॉलच्या पाण्यावरचं, उसाचं. ती कवठे महांकाळकडची, कोरड्या मुलखातली. तिकडच्या बायका बोलताना 'मी येतो, मी जातो' असं बाप्यासारखं बोलतात. आमच्या गल्लीत त्यावरून तिची फार थट्टा झाली. मी तर तिला "या पावणं" म्हणून चिडवायची. ती हसायची, पण बोलणं काही बदललं नाही.

दादा लष्करात होता. लग्नासाठी मिळालेली रजा संपली आणि तो गेला. नवरा म्हणून तो वहिनीच्या वाट्याला आला जेमतेम महिनाभर, त्यातही आठ दिवस पाहुण्यांची गर्दी. मग एकाहत्तरची लढाई झाली आणि तार आली. आबा स्वतः रिटायर्ड हवालदार. त्यांनी तार उभ्यानेच वाचली आणि आम्हाला सांगितलं, "बेपत्ता हाय." गेला असं तारेत म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावर आमचं घर पुढे कित्येक वर्षं चाललं. कैदेतली माणसं परत आली तेव्हा आबा साताऱ्याला रोज वर्तमानपत्र बघायला जात. शेजारच्या गावातला एकजण परत आला, त्याची गावानं मिरवणूक काढली. दादा त्यांत नव्हता.

वहिनीचं कुंकू होतं तिथेच राहिलं. ती सवाष्णही होती आणि नव्हतीही. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे शेजारणींना ठरवता येईना, म्हणून त्या तिला बोलवायला विसरत.

या सगळ्या वर्षांत आम्ही दोघी वाचत होतो. हायस्कुलात एक काचेचं कपाट होतं आणि त्यात त्याच कादंबरीचे पुढचे पाच भाग निघाले. मी एकेक भाग घरी आणायची. दिवसा वहिनीला पुस्तक हातात धरायची सोय नव्हती. ती भाकऱ्या थापायची नाहीतर गोठा करायची, मी तिच्याजवळ बसून मोठ्यानं वाचायची. आईनं विचारलं तर अभ्यास म्हणायचं. आईला बिचारीला वाटे, काय कठीण अभ्यास आहे, सारखे राक्षसच येतात त्यात.

गोष्ट एका राजपुत्राची होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एक मायावी त्याला तळ्याखाली ओढून नेतो. जाताना तो बायकोच्या केसांत एक फूल माळून जातो. फूल टवटवीत आहे तोवर तो जिवंत आहे, असं समजायचं. ती राजकन्या तळ्याकाठी बसते, बारा वर्षं. सहा भाग ती बसलेलीच होती, आणि मधल्या मधे बाकीचे लोक उडत्या घोड्यांवरून हिंडत होते. सातव्या भागात सगळा उलगडा होता, पण तो भाग कपाटात नव्हता. साताऱ्याच्या वाचनालयातही नव्हता. मास्तर म्हणाले, कुणीतरी नेला तो नेलाच.

आमच्या गप्पा ऐकणाऱ्याला वाटलं असतं, भाऊबंदकीची भांडणं चालली आहेत.

"ती बारा वर्सं बसली, ते कबूल," वहिनी भाकरी उलटत म्हणायची. "पन ती जेवती काय? धुनं कुठं धुती? त्या राजवाड्यात येक सासू न्हाई का तिला हाक मारायला?"

"वैनी, गोष्टीत आसलं नसतंय."

"तर मग त्या राजकन्येला दोन म्हशी बांधून द्या म्हनावं. फुलाकडं बघायला टाइम तरी मिळतोय का बगू."

मला राग यायचा. मी राजकन्येच्या बाजूची होते. मला वाटे, वाट बघण्यासारखं सुंदर काम जगात दुसरं नाही. वाट बघत मी बसले नव्हते, म्हणून वाटत असणार.

एकदा गोठ्यात शेण भरता भरता ती थांबली आणि म्हणाली, "वन्सं, सातव्या भागात तिनं ते फूल काढून तळ्यात फेकलं आसंल तर?"

"आसं कुठं आसतं का!" मी जवळजवळ ओरडलेच. "फेकलं तर त्यो मरंल की!"

"फूल फेकल्यानं कुनी मरत आसतंय का," ती म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली.

पंच्याहत्तरच्या सुमाराला पंचायतीचा टीव्ही आला. सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यावरून येणारं चित्र आमच्या गावापर्यंत येता येता दमायचं. चावडीच्या पत्र्यावर लोखंडी पाइप उभा करून त्यावर अँटेना बसवली होती आणि रोज संध्याकाळी एकजण वर चढून ती फिरवत बसायचा. वरून तो ओरडायचा, "आलं का?" खालून पन्नास जण, "आलं, आलं! गेलं! मागं फिरव, मागं!" बाकी वेळ पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण लाकडी कपाटाची दारं उघडून ग्रामसेवक बटण दाबायचा तेव्हा आख्खी चावडी गप्प व्हायची. पुरुष समोर, बायका बाजूच्या शाळेच्या ओट्यावर. शेतीचा कार्यक्रम, मग बातम्या. शेतीचा कार्यक्रम बघून शेतकरी पोट धरून हसत, कारण त्यातल्या माणसाच्या धोतराला मातीच नसे.

आई पहिल्या दिवशी आली आणि बातम्या देणारा माणूस दिसताच तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. मी म्हटलं, "आये, त्येला तू दिसत न्हाईस." ती म्हणाली, "मग सरळ माज्याकडं कसा बघतोय?" तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं की ही खिडकी आहे, आणि खिडकीतून दोन्हीकडचं दिसतं. आम्ही हसलो. वहिनीही हसली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर त्या हसण्याची मला लाज वाटली.

लष्कराचा कागद त्याच्या पुढच्या वर्षी आला. दादाला मृत समजण्यात येत आहे, असं त्यात होतं. आबांनी तो कागद आठ दिवस कोटाच्या खिशात ठेवला. मग एका सकाळी ते आईला म्हणाले, "आता त्याचं करून टाकू."

ज्याचं शरीर मिळत नाही त्याचं काय करतात, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. पळसाची पानं आणायची, देठांनी माणसाचा आकार मांडायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्या पानांच्या माणसाला अग्नी द्यायचा. भटजी म्हणाले, खरं तर बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. आबा म्हणाले, "बारा वर्सं? पोरगी तेवीस वर्साची हाय. बारा वर्सं तिला लोनच्यागत बरनीत घालून ठिवू?"

म्हणजे आबांच्या मनात दादा नव्हता, वहिनी होती. ते मला उशिरा कळलं. आबांनी गुपचूप तिच्या वडिलांना पत्र लिहिलं होतं. संक्रांत झाली आणि ते कवठ्याहून आले. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात एक पिशवी, बोलायला अगदी कमी. त्यांच्या भागात बाईचं दुसरं लग्न लावत. त्यांनी एक माणूस बघून ठेवला होता. मिरजेला रेल्वेत होता, बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. मात्र आधी आमच्याकडचं कार्य व्हायला हवं होतं. जिवंत नवऱ्याच्या बायकोला दुसरीकडे कोण देणार?

वहिनीनं मला हे विहिरीवर धुणं धुताना सांगितलं. मान खाली घालून, दादाचाच एक जुना सदरा आपटत. पुढे म्हणाली, "पुस्तकाचं कपाट हाय म्हनं त्येच्या घरात. आप्पा सांगत हुतं."

मी बादलीतलं लुगडं काढून पिळायला घेतलं.

"तितं सातवा भाग आसंल," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून घाईनं, "मिळाला तर तुमाला धाडतो की. पोस्टानं."

मी घरी येऊन माळ्यावर जाऊन रडले. मला दादासाठी रडू येत होतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती जाणार, याचं रडू होतं. या घरात मी कुणाशी बोलणार होते? आई दिवसभर देवाशी बोलायची, आबा बैलांशी. सतरा वर्षांच्या मुलीला आपलं दुःख म्हणजे सगळ्या जगाचं दुःख वाटतं. मला वहिनीचं दुःख दिसलंच नाही. मिरजेचा तो न पाहिलेला माणूस मला त्या कादंबरीतल्या मायाव्यासारखा वाटायला लागला.

आबांनी पानं आणली. परड्यातल्या पडवीत भाऱ्यांनी ठेवली आणि वर ओलं पोतं टाकलं. आई तिकडे फिरकेना. तिनं अन्नच सोडलं. "माजं पोरगं जित्तं हाय," एवढंच एक वाक्य. "जित्त्या माणसाला जाळताय व्हय तुमी?" आबा समजावून दमले. शेवटी त्यांनी भटजींना येत्या अमावस्येला यायला सांगितलं आणि वहिनीच्या वडिलांना तोवर ठेवून घेतलं.

मधे सव्वीस जानेवारी आली. संध्याकाळी टीव्हीवर दिल्लीची परेड दाखवणार, म्हणून चावडीसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. आई आठ दिवस घराबाहेर पडली नव्हती. त्या दिवशी ती आपणहून उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मिल्ट्री दावनार हायेत न्हवं? चला." वहिनी आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून ओट्यावर घेऊन गेलो. आबा आणि वहिनीचे वडील समोर पुरुषांत बसले होते.

चित्र त्या दिवशी फारच वाईट येत होतं. आवाज चांगला होता, बँड ऐकू येत होता, पण पडद्यावर मुंग्यांच्या पलीकडे काहीतरी हलतंय एवढंच कळे. वरचा माणूस अँटेना फिरवत होता. एकदम क्षणभर मुंग्या पातळ झाल्या आणि जवानांची एक रांग दिसली, कवायत करत चाललेली. सगळ्यांचे चेहरे एका बाजूला वळलेले. चेहरे कसले, नुसते पांढरे ठिपके.

आई ताडकन उभी राहिली.

"त्यो बगा! त्यो बगा माजा सोन्या! कडंचा! कडंचा बगा!"

पुन्हा मुंग्या आल्या. चावडीतली सगळी माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला इतका जोर कुठून आला होता कोण जाणे, बांगडी फुटून मला लागली. "तुजं डोळं चांगलं हायेत. तू बघितलास न्हवं? सांग ह्यास्नी! दादाच हुता न्हवं?"

मला काहीही दिसलं नव्हतं. हे मी आज स्वच्छ सांगते, तेव्हाही मला स्वच्छ माहीत होतं.

मी वहिनीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. डोळे मोठे झालेले, ओठ घट्ट मिटलेले. श्वाससुद्धा घेत नव्हती. तिच्या बघण्यात फार काकुळत होती. मला वाटलं, तिला हेच हवं आहे. नवरा जिवंत असावा असं कुठल्या बाईला वाटणार नाही? सहा भाग मी तिला वाचून दाखवले होते, तिला काय हवं आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार? आणि माझ्या मनाच्या तळाशी दुसरंही होतं. ती जायला नको होती मला.

"व्हय," मी म्हणाले. "दादाच हुता."

ओट्यावरच्या बायकांनी गलका केला. कुणी आईच्या पाया पडलं, कुणी गुळाचा खडा आणायला धावलं. दोनतीन पुरुषही म्हणायला लागले की आम्हालाही चाल ओळखीची वाटली. एकीनं वहिनीला कवेत घेऊन तिच्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं. वहिनी मान खाली घालून बसून राहिली. मला वाटलं, आनंदानं बधिर झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला मळ्यात विहिरीपाशी गाठलं. आसपास कुणी नव्हतं. ते विहिरीच्या काठावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाळा, मी फौजेत वीस वर्सं काढली हायेत. कुनी दिल्लीला कवायत करतोय आन घरी पत्तर धाडत न्हाई, आसं हुत न्हाई. पन तू बघितलंस म्हनतीस. आता हितं तू आन मी हाय. आई न्हाई. नक्की बघितलंस?"

ही माझी दुसरी संधी होती. आबांनी ताटात वाढून दिली होती. मी नुसती मान हलवली. आबांनी मांडीवरचं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, "बरं."

वहिनीचे वडील त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं गेले. जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. आणलेली पिशवी तशीच परत नेली. तिच्यात काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

आणि ती पानं. आईनं पडवीतलं पोतं काढलं, पानं पुसून घेतली आणि आम्हा दोघींना समोर बसवून त्यांच्या पत्रावळी लावायला घेतल्या. दादासाठी तिनं बोललेला नवस फेडायचा होता, गल्ली जेवायला घालायची होती. ज्या पानांचा दादा होणार होता त्या पानांना आम्ही दिवसभर काड्या टोचत बसलो. वहिनीची पत्रावळ नेहमी गोल आणि घट्ट यायची, तशीच त्या दिवशीही येत होती. मी विचारलं, "वैनी, आता खूश न्हवं?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काडी बारीक करा वन्सं, पान फाटतंय." लोक शिरा जेवून गेले आणि पत्रावळी उकिरड्यावर पडल्या.

त्यानंतरची वर्षं सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत असं नाही, सांगवत नाहीत. आई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची, आणि वहिनीलाही शेजारी बसवायची. नुसतं बसायचं नाही. तिला वेणी घालायला लावायची, चांगलं लुगडं नेसायला लावायची, कुंकू ठसठशीत. कारण खिडकीतून दोन्हीकडचं दिसतं. "त्येनं बघितलं आन ही आशी शेनानं भरल्याली दिसली तर?" गोठ्यातून येऊन, हात-पाय धुऊन, नटून ती त्या मुंग्यांसमोर बसायची. शेतीचा कार्यक्रम, बातम्या, पुन्हा मुंग्या. चावडीतले टवाळ हसत. टीव्ही बंद पडला की आई दुरुस्त होईस्तोवर जेवत नसे.

मला दर दिवशी खरं सांगावंसं वाटे आणि दर दिवशी मी आईकडे बघून गिळून टाकी. माझा तो एक शब्द काढून घेतला असता तर आई उभीच राहिली नसती. आणि न काढून घेतल्यानं काय होत होतं, ते समोर वेणी घालून बसलेलं दिसत होतं. मी अद्भुत कादंबऱ्या वाचणं सोडलं. वहिनीनं विचारलं तर मी म्हणायची, डोळे दुखतात.

एक दिवस भाकऱ्या थापताना तीच म्हणाली, "मिरजेचं लगीन झालं म्हनं." जसं कुणी म्हणावं, बाजारात वांगी आली. मग थोड्या वेळानं, "सहावा भाग आनता का परत? लय दिस झालं." मी आणला. वाचताना माझा आवाज लागेना, म्हणून तिनं माझ्या हातातून घेतला आणि चुलीपुढे उकिडवं बसून स्वतःच वाचला. सातवा भाग मी अजून वाचलेला नाही.

माझं लग्न ठरलं सांगलीला. घरात हळद दळायचा दिवस आला. जात्यावर पाच सवाष्णींनी मिळून मुहूर्ताची हळद दळायची असते. आईनं पाचांत वहिनीचं नाव पहिलं घेतलं. बायकांत कुजबूज झाली. आई म्हणाली, "का? तिचा नवरा दिल्लीला हाय, आख्ख्या गावानं बघितलाय." आख्ख्या गावानं म्हणजे मी.

मी उठून परड्यात गेले. त्याच पडवीत, जिथे पानं ठेवली होती. वहिनी मागोमाग आली, मला पाणी घेऊन.

आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि एका दमात बोलून टाकलं. "वैनी, मला काय बी दिसलं नव्हतं. त्या दिवशी. टीव्हीत दादा नव्हता. मी खोटं बोलले. मला वाटलं तुमाला तेच पायजे. तुमी आशा बघत हुता माज्याकडं…"

मला वाटलं ती हात सोडवून घेईल. मारील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मीबी तितंच बसलो हुतो न्हवं. नुसत्या मुंग्या हुत्या."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"मी?" ती म्हणाली. "आख्ख्या गावाफुडं मी कसं म्हनू, ह्यो माजा नवरा न्हाई? त्येचं मरान मागितल्यागत झालं असतं की. आई सांगू शकत नव्हती, मी सांगू शकत नव्हतो. तुमीच हुता येकट्या." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, उद्या नवरी होणार होते ना मी. "म्हनून बगत हुतो तुमच्याकडं. तुमी न्हाई म्हनाल म्हनून."

आत जात्याभोवती बायका जमल्या होत्या, ओव्या सुरू व्हायच्या होत्या. कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, "आगं, पाचवी सवाष्ण कुठं गेली?"

वहिनीनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला, बोटानं कपाळावरचं कुंकू चाचपून बघितलं आणि म्हणाली, "आलो, आलो." मग ती आत गेली.